बॅटरी अजून जोडलेली नाही

प्रिय अव्या,

हे फोनवर सांगायला गेलो असतो तर दुसऱ्याच मिनिटाला तू "मी तेव्हाच म्हणत होतो" म्हणाला असतास आणि मी फोन ठेवून दिला असता. पत्रात तुला मधे तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र. बरेच महिने लिहिलं नाही, हे माहीत आहे. तूही लिहिलं नाहीस.

तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो, गोळ्या चालू आहेत. आई तुझी चौकशी करते, माझी फारशी करत नाही.

तर, आपल्या जुन्या मॉरिस गाडीचं वायरिंग मी उतरवलं. सगळं. डॅशपासून मागच्या नंबर प्लेटच्या दिव्यापर्यंत एकही जुनी तार ठेवली नाही. भाऊ असते तर त्यांनी मला फाटकाच्या आत घेतलं नसतं.

झालं असं, की मुक्ता चालवत होती, मी शेजारी. अंधारून आलं म्हणून तिने हेडलाइट लावले आणि डॅशमागून धूर आला. जळक्या कापडाचा तो वास तुला वर्णन करून सांगायला नकोच. मी उतरून बोनेट उघडलं आणि बॅटरीची केबल खेचली. क्लॅम्प सैल होता म्हणून हाताने निघाली. घट्ट बसवलेला असता तर मी पाना शोधत बसलो असतो, तेव्हा सैल क्लॅम्पवरून तू जन्मभर मला जे ऐकवलंस ते परत घे.

जळालं फार नव्हतं, लाइटच्या स्विचकडे जाणारी एक वायर. अख्ख्या गाडीला दोन फ्यूज आणि त्यात हेडलाइट नाहीतच, आठवतं ना? रात्री चालत्या गाडीचे दोन्ही दिवे एकदम जाऊ नयेत, म्हणून म्हणे तसं ठेवलं होतं. त्यापेक्षा गाडी पेटलेली बरी, असा हिशेब असावा. एवढी एकच वायर बदलावी म्हणून डॅशमागे हात घातला, तर शेजारच्या वायरींची सुती वेटोळी जरा वाकवली की आतलं रबर भुगा होऊन मांडीवर पडायला लागलं. बाहेरून सगळं धडधाकट, आत उघडा तांबा. त्यानंतर ठिगळं लावण्यात अर्थ नव्हता.

उतरवताना आपला सगळा इतिहास निघाला. बाळ्याने नुसते पीळ मारून वर टेप गुंडाळलेले जोड. भाऊंचे डाग दिलेले, म्हणजे कथील वितळवून सांधलेले जोड, ते आजही चकचकीत. आणि एका फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी. बाळ्या सिगारेट ओढत नव्हता. तू आणि मी तेव्हा शपथेवर नाही म्हणालो होतो. ब्रँड वाचता येत नाही, म्हणजे तू सुटलास.

फ्यूजवरून आठवलं. जुन्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं ते ३५ अँपिअरला उडतो म्हणून. सतत सोसतो तो जेमतेम १७. आजच्या फ्यूजवरचा आकडा सतत सोसण्याचा असतो. मुक्ताने आकडा बघून आजचा ३५चा आणला होता. तो बसवला असता तर आधी वायर गेली असती आणि फ्यूज मागे राहून मजा बघत बसला असता. हे तिला समजावताना मी थेट तुझ्यासारखा बोलायला लागलो, तेव्हा आवरतं घेतलं.

नवं हार्नेस, म्हणजे सगळ्या वायरींचा जुडगा, मीच बांधलं. एका फळीवर खिळे ठोकले, जुनं त्यावर पसरून मापं घेतली. रंग तेच ठेवले: बॅटरीकडून थेट येणारी तपकिरी, किल्लीनंतरची पांढरी, किल्लीनंतर फ्यूजमधून गेलेली हिरवी, हेडलाइटला निळी, अर्थला, म्हणजे बॉडीच्या पत्र्याला, काळी. डायनॅमोच्या चार्जिंगला ४४ तारांची जाड वायर, हेडलाइटच्या फीडला २८ तारांची. हेडलाइटना रिले दिला, म्हणजे मोठा करंट स्विचमधून जात नाही, आणि आता स्वतंत्र फ्यूजही दिला, डाव्याला एक, उजव्याला एक. जोड सगळे क्रिंप केले, म्हणजे धातूची टोपी पक्कडीने दाबून बसवली. बाळ्या येऊन "डाग दे, डाग दे" करत होता. डाग दिला की तार तिथे ताठ होते आणि हादऱ्यांनी नेमकी डागाच्या कडेला तुटते, हे त्याला पटत नाही. भाऊंचे का नाही तुटले, असं विचारतो. याला उत्तर नाही, म्हणून मी त्याला पाने पुसायला बसवलं.

इथवर सगळं झालं आणि इथेच अडलो. अर्थ पॉझिटिव्ह ठेवू की निगेटिव्ह करू? म्हणजे बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला जोडू?

हसू नकोस. तुझ्या त्या टेपरेकॉर्डरपायी आपण दोघं किती दिवस बोललो नव्हतो ते आठव. तुला निगेटिव्ह अर्थ हवा होता, मला नको होता. भाऊंनी पक्कड खाली ठेवून "गाडी आली तशी राहील" एवढंच म्हटलं आणि तू घरी निघून गेलास. तुझा मुद्दा होता, की साठच्या दशकात इंग्लंडच्या कारखान्यांनीच पॉझिटिव्ह अर्थ सोडला, मग आपण कोण? माझा मुद्दा काय होता ते मला नीट आठवत नाही. भाऊ माझ्या बाजूने होते, तेवढं पुरे होतं.

आता मुक्ताला फोन चार्ज करायला सॉकेट हवंय. मागणी साधी आहे. पण सॉकेटचं बाहेरचं कडं असतं निगेटिव्ह आणि आपली अख्खी बॉडी पॉझिटिव्ह. कडं पत्र्यापासून वेगळं ठेवून बसवता येईल, पण मग चार्जरच्या वायरीचं लोखंडी टोक जरी पत्र्याला घासलं तरी शॉर्ट. बाळ्या म्हणतो, दोन्ही बाजू पूर्ण वेगळ्या ठेवणारा कन्व्हर्टर मिळतो, तो लाव. मिळतो, खरं आहे. म्हणजे आणखी एक डबा, आणखी चार जोड आणि दहा वर्षांनी डॅशमागे हात घालणारा कोणीतरी आपल्या नावाने खडे फोडणार.

खरी भीती चार्जरची नाहीच. उद्या ही पोरगी एकटी कुठेतरी अडकेल. कोणी भला माणूस आपल्या बॅटरीवर तिची गाडी सुरू करून द्यायला जंप केबल घेऊन येईल, सवयीने काळा चिमटा बॉडीला लावेल. किंवा केबल नीट लावेल, पण त्याची गाडी आपल्या बंपरला टेकलेली असेल. त्याची बॉडी निगेटिव्ह, आपली पॉझिटिव्ह, मधे दोन बॅटऱ्या आणि अडवायला कुठेही फ्यूज नाही. हे तिला दहादा सांगितलंय. ती दहादा "हो बाबा" म्हणाली आहे. तिचं "हो बाबा" तुला माहीत आहे.

उलटं करणं अवघडही नाही. बॅटरी फिरवायची. जाड खांब पॉझिटिव्हचा, त्यामुळे क्लॅम्प बदलावे लागतील. प्लगला ठिणगी देणाऱ्या कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल, नाहीतर प्लगचा मधला, तापलेला इलेक्ट्रोड पॉझिटिव्ह होतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं आणि गाडी चढावर खोकते. डायनॅमोच्या डी आणि एफ या दोन टोकांच्या वायरी काढून एफला बॅटरीच्या लाइव्ह टोकाचा क्षणभर दोन-तीनदा स्पर्श द्यायचा, की त्याची उरलीसुरली चुंबकशक्ती नव्या दिशेला वळते. वायपर, हॉर्न, दिवे, कशालाच फरक पडत नाही. गाडीतल्या पेट्रोल पंपात करंट एकाच दिशेने सोडणारा डायोड नाही, तोही तयार. अँमीटर आपल्याला नाहीच. रंगसुद्धा तेच राहतात, कारण रंग काम सांगतात, प्लस-मायनस नाही. अर्ध्या दुपारचं काम.

मग करत का नाही? मल्टिमीटरची काळी पिन बॉडीला लावून तपकिरी वायर मोजली, की या गाडीत उणे १२.६ दिसायचं. बॅटरी पूर्ण भरलेली आणि आकड्याच्या आधी उणे. भाऊ त्या उण्याकडे बघून दर वेळी "ठीक आहे" म्हणायचे. ते चिन्ह माझ्या हाताने काढायला जीव धजावत नाही. हे बाळ्याला सांगितलं असतं तर त्याने गावभर केलं असतं. तुला सांगतोय, कारण गाडी कागदावर अजून तुझ्याच नावावर आहे.

मी निगेटिव्हकडे झुकलोय. आता मी झुकलो म्हटल्यावर तुला भाऊंचा पॉझिटिव्ह अचानक पवित्र वाटायला लागेल, याची मला पूर्ण खात्री आहे. तसं वाटलं तर कारण लिही, नुसतं "राहू दे" चालणार नाही. आणि जंप केबलचं काय करायचं तेही लिही.

निनादला नोकरी लागल्याचं कळलं, त्याला शाबासकी. तुझं घराचं काम संपलं का? वहिनींना नमस्कार, त्यांच्या पाठीचं काय झालं ते कळव.

तुझा,
दिल्या

ता. क. वळण दाखवायला बाजूने बाहेर येणाऱ्या ट्रॅफिकेटरचा डावा हात नवीन वायरिंगवरही अर्ध्यात अडकेल. हात उचलणारं सॉलेनॉइड थेट बॅटरी लावून तपासलं, ते ठणठणीत आहे. हात वाकलाय, आणि तो बाहेर असताना दाराला टेकून फोटो कोणी काढून घेतला होता त्याचा पुरावा माझ्या अल्बममध्ये आहे.