परसबागेच्या प्रदर्शनासाठी बाटल्या, टेबले आणि मदतीचे हात हवेत

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातील सर्व नागरिकांस परसबाग मंडळाचा सस्नेह नमस्कार.

येत्या जानेवारीच्या अखेरच्या शनिवारी व रविवारी घरच्या भाज्या, फळे आणि फुले यांचे प्रदर्शन सांगलीत भरवण्याचे मंडळाने ठरवले आहे. भाग घेण्यासाठी शेत किंवा बंगला असण्याची अट नाही. गच्चीवर तेलाच्या रिकाम्या डब्यात लावलेली मिरची आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेले अळू यांनाही तेथे तोच मान मिळेल. प्रवेश शुल्क घ्यायचे नाही, असे सभासदांनी एकमताने ठरवल्यामुळे खर्चाचा भार देणग्यांवरच आहे.

आजवर मांडणीचे साहित्य ज्याने त्याने घरून आणायचे, असा रिवाज होता. त्यामुळे पितळी परातीत रचलेली वांगी उठून दिसत आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ठेवलेली तितकीच उत्तम वांगी मागे पडत. परीक्षक कितीही चोख असला तरी त्याची नजर आधी भांड्याकडे जाते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. म्हणून यंदा सर्व भाज्या एकाच मापाच्या पांढऱ्या ताटल्यांत आणि सुटी फुले एकसारख्या काचेच्या बाटल्यांत मांडली जातील आणि हे साहित्य मंडळ पुरवेल.

त्यासाठी सर्वांत आधी बाटल्या हव्या आहेत. त्या पारदर्शक काचेच्या, अरुंद तोंडाच्या आणि तळाला जड असाव्यात, कारण रुंद तोंडात गुलाबाची दांडी कलते आणि हलकी बाटली उमललेल्या डेलियाच्या भाराने आडवी होते. बाटली पूर्वी कशाची होती याची चौकशी मंडळ करणार नाही, लेबल मात्र पूर्ण निघालेले असावे. ते सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवल्यास सहसा सुटते. बाटली आतूनही स्वच्छ हवी, कारण घाण पाण्यातले जंतू दांडीच्या नळ्या बुजवतात आणि फूल दुपारपर्यंत मान टाकते. घडीची टेबले, पांढऱ्या चादरी, उंच बादल्या आणि पन्नास टक्के सावलीची शेडनेट दोन दिवसांपुरती मिळाली तरी चालेल. नावाची चिठ्ठी लावून घेतलेली प्रत्येक वस्तू घरपोच परत केली जाईल.

साहित्यापेक्षाही माणसांची गरज अधिक आहे. आमच्या अनेक ज्येष्ठ सभासदांची बाग देखणी असते, पण पहाटे वाकून तोडणी करणे आणि माल न दुखवता आणणे त्यांना झेपत नाही. अशा घरी जाऊन तोडणीला हातभार लावणारे तरुण आणि महाविद्यालयीन विद्यार्थी आम्हाला हवे आहेत. काम नाजूक आहे, म्हणून ते आधी शिकवले जाईल. उदाहरणार्थ, कृष्णाकाठच्या वांग्याची खरी शोभा त्याच्या तकाकीत आणि हिरव्यागार काटेरी टोपीत असते. वांगे ओढून न तोडता देठासह कात्रीने कापावे, देठालाच धरावे आणि टोपलीत एकमेकांवर न रचता कागदाच्या घड्यांत ठेवावे, कारण एकाचा काटा दुसऱ्याच्या सालीवर कायमचा ओरखडा उठवतो. तेलाचा हात फिरवलेली वांगी बाद ठरतील. ताटलीत पाच मागितली असतील तर पाचच ठेवावीत आणि ती आकाराने, रंगाने जुळणारी असावीत. चार सारखी आणि एक भलेमोठे, अशी मांडणी घरच्यांना कौतुकाची वाटली तरी परीक्षणात गुण घालवते.

ओल्या हळदीसाठी यंदा वेगळे टेबल असेल. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, परंतु बाजारात दिसते ती शिजवून, वाळवून, पॉलिश केलेली. हरिपूरच्या पेवांची, म्हणजे हळद साठवण्याच्या जमिनीखालच्या कोठारांची, गोष्ट ऐकलेल्या मुलांपैकी अनेकांनी मातीतून नुकताच निघालेला कंद पाहिलेला नसतो. कंद काढताना जेठा गड्डा, म्हणजे मधला मूळ कंद, आणि त्याला लागलेली हळकुंडे अखंड राहावीत, माती नुसत्या पाण्याच्या धारेने जाऊ द्यावी आणि कंद सावलीत सुकवावा. ब्रशने घासल्यास वरची पातळ साल निघते आणि डाग पडतात.

गुलाब आदल्या संध्याकाळी किंवा ऊन चढण्यापूर्वी कापावा. निम्म्याहून थोडे अधिक उमललेले फूल निवडावे, दांडीला तिरका छेद द्यावा, पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत आणि फूल काही तास गार, अंधाऱ्या खोलीत खोल बादलीत ठेवावे. बाहेरची एखादी डागाळलेली पाकळी अलगद काढण्यास हरकत नाही. शेवंती आणि झेंडू इतके लाड मागत नाहीत.

रोख देणगीतून सभागृहाचे भाडे, मांडव, ताटल्या आणि नावांची कार्डे यांचा खर्च भागवला जाईल. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधील पुष्पप्रदर्शनाशी बरोबरी करण्याचा आमचा मानस नाही. बक्षीस म्हणून चषकांऐवजी बियाण्यांची पाकिटे आणि कलमे देण्याचे ठरले आहे, त्यामुळे रोपवाटिकाचालकांनी कलमांच्या रूपाने मदत केल्यास ती रोख रकमेइतकीच मोलाची ठरेल. ज्यांच्याकडे छोटा टेम्पो आहे त्यांनी शनिवारी पहाटेच्या दोन फेऱ्या स्वीकारल्या, तर मिरजेकडील स्पर्धकांची मोठी अडचण दूर होईल.

प्रत्येक देणगीची पावती दिली जाईल आणि जमाखर्च प्रदर्शनाच्या दाराशीच फलकावर लावला जाईल. भाज्या रविवारी सायंकाळी मालकांच्या संमतीने विद्यार्थी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पाठवल्या जातील. बाटल्या व इतर साहित्य डिसेंबरअखेरपर्यंत आपल्या भागातील मंडळाच्या सभासदाकडे पोहोचवावे आणि तोडणीच्या मदतीसाठी येऊ इच्छिणाऱ्यांनी आपली नावे त्यांच्याकडेच नोंदवावीत, ही विनंती.

आपले नम्र,
कार्यकारी समिती, परसबाग मंडळ, सांगली