व्हिसा मिळाला, पण मुदतवाढीचं काय?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी शिक्षणावर दोन पानं होती. प्रवेश, भाषेची परीक्षा, व्हिसाची कागदपत्रं, सगळं नीट मांडलं होतं. पण मुलगी तिकडे गेल्यावर दोन वर्षांनी निवास परवान्याच्या मुदतवाढीपायी आमच्या घरावर जी वेळ आली, तिच्याबद्दल एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

मी कराडजवळ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनीअर, 2023 च्या सप्टेंबरात मास्टर्ससाठी जर्मनीला गेली. आपल्याकडच्या पदव्यांची पडताळणी करणारं एपीएस प्रमाणपत्र 1 नोव्हेंबर 2022 पासून सक्तीचं झालं आहे, त्याचे 18 हजार भरले. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे तिथल्या राहण्या-जेवण्याच्या खर्चाची हमी म्हणून उघडायच्या खात्यात, 11,208 युरो एकरकमी ठेवले. तेव्हाच्या भावाने ते दहा लाखांच्या घरात गेले. त्यातले दर महिन्याला 934 युरोच तिच्या हाती पडायचे. व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट घरी आला तेव्हा सासूबाईंनी तो देवापुढे ठेवला आणि शेजारच्या चार घरांत पेढे वाटले. आम्हाला वाटलं, सुटलो.

खरं तर तो व्हिसा फक्त तिथे उतरण्यापुरता असतो. पुढे तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून निवास परवान्याचं कार्ड घ्यावं लागतं. हिचं कार्ड सप्टेंबर 2025 अखेरपर्यंतचं होतं. तोवर थिसिस पूर्ण होणार नाही, हे मार्चमध्येच दिसत होतं. तिथे पाचवं-सहावं सेमेस्टर लागणं नवलाचं नाही, तिच्या बरोबरीच्या बऱ्याच मुलांना लागलं. मुदतवाढीसाठी पुढच्या वर्षाचा खर्च पुन्हा दाखवायचा होता, आणि ती रक्कम 1 सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 11,904 युरो झाली आहे. युरोही शंभरी ओलांडून गेला होता. म्हणजे बारा लाख.

शैक्षणिक कर्ज मंजूर होतं, घर तारण होतं, त्यातली रक्कमही शिल्लक होती. मी बँकेत गेले तर साहेबांनी विद्यापीठाचं फी मागणीपत्र मागितलं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फीच नाही, सेमेस्टरला काहीशे युरोंची वर्गणी तेवढी भरायची असते. ‘फी नाही तर मग पैसे कशाला हवेत?’ असं त्यांनी विचारलं. त्यांचाही दोष नसेल, फॉर्ममध्ये रकानाच फीचा होता. पण ज्या देशात फी नाही म्हणून आपली मुलं जातात, त्या देशासाठी कर्ज देताना राहण्या-जेवण्याचा खर्च कधी आणि किती सोडायचा, हे मंजुरीच्या वेळीच लिहून घ्यायला नको का? मी चार खेपा घातल्या. शेवटी शिक्षक पतसंस्थेचं कर्ज काढलं, पाटल्या गहाण ठेवल्या आणि पैसे पाठवले. शैक्षणिक कर्जातून रक्कम गेली असती तर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना घेतला जाणारा आगाऊ कर, लागला नसता. स्वतःच्या पैशातून गेली म्हणून दहा लाखांवरच्या रकमेवर 5 टक्के कापले गेले. ते विवरणपत्र भरल्यावर मिळतील, पण ऑगस्टमध्ये ते दहा हजारही मला कुठून तरी उभे करावे लागले.

मुलीने 4 ऑगस्टला अर्ज केला. उत्तर म्हणून आपोआप येणारा एक ईमेल आला, बाकी काही नाही. अपॉइंटमेंट मिळेना. 30 सप्टेंबर उलटला आणि माझी झोप उडाली. आपली मुलगी परक्या देशात बेकायदा ठरली, उद्या तिला हाकलून देतील, हेच डोक्यात. तिच्या खोलीशेजारी राहणाऱ्या साताऱ्याच्या एका मुलाने मला फोनवर समजावलं: अर्ज मुदत संपण्याआधी केलेला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुनाच परवाना चालू धरतात, तिथल्या निवास कायद्याच्या कलम 81 मध्येच तसं आहे. हे एक वाक्य मला दोन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. पुण्यातल्या ज्या सल्लागाराला आम्ही पैसे मोजले, त्यानेही नाही.

पण कायद्यात असणं वेगळं आणि हातात कागद असणं वेगळं. त्याला फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग म्हणतात, म्हणजे परवाना चालू असल्याचा तात्पुरता दाखला. तो नाही म्हणून तिचं अर्धवेळ काम थांबवलं गेलं. आणि दिवाळी झाल्यावर सासूबाई गेल्या. आजीने वाढवलेली पोर. भारतात येता आलं असतं, पण परत जाताना विमानात बसू दिलं नसतं, थिसिस तिथेच राहिला असता. मीच तिला ‘येऊ नकोस’ म्हणाले. बाराव्या दिवसाचे विधी तिने मोबाईलवर पाहिले, तिथे पहाटेचे साडेपाच वाजले होते.

त्यानंतर आठ दिवसांनी तो दाखला आला. तिने मला फोटो पाठवला. घडी घातलेला कागद, आत चौकटी, आणि कलम 81 च्या पोटकलम 4 समोर फुली. याच फुलीवर देशाबाहेर जाऊन परत येता येतं, पोटकलम 3 समोर असती तर आलं नसतं. पालकांनी ही चौकट बघायला शिकावं, इतकं त्या फुलीवर अवलंबून असतं. कार्ड जानेवारीत हातात पडलं.

माझी विनंती आहे की पुढच्या पुरवणीत एक पान मुदतवाढीसाठी द्यावं. परवाना संपायच्या किती आधी अर्ज करायचा, त्याची पोच कशी जपायची, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची रक्कम कुठून उभी करायची, हे तिथे राहून आलेल्या मुलांकडूनच लिहून घ्यावं. परदेशी शिक्षणाचे मेळावे भरवणाऱ्या संस्थांनाही ते जाहीरपणे विचारावं.

आमच्या गल्लीतला एक मुलगा या सप्टेंबरात जर्मनीला निघाला आहे. त्याच्या आईने फाइल मला बघायला दिली आहे. मी तिच्यात पहिल्या पानाआधी एक कोरा कागद लावला आहे. कार्ड मिळालं की त्याने त्यावर संपण्याची तारीख लिहायची आणि खाली तिच्या तीन महिने आधीची.

– एक पालक, कराड
(नाव व पत्ता संपादकांकडे)