वाट खालून खचते

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. फाटकापासून दारापर्यंतची तुमची काँक्रीटची वाट मधोमध खचलीय, दोन ठिकाणी आरपार भेगा गेल्यात आणि तू तिच्यावर दोन बोटांचा नवा थर चढवायचं म्हणतोयस, हे वाचलं आणि हातातलं काम बाजूला सारून लिहायला बसलो. थर चढवू नकोस. मी दोनदा चढवला होता. दोन्ही वेळा वर्षाच्या आत जुनी भेग नव्या थरातून जशीच्या तशी वर आली. खालचा तुकडा हलत असेल तर वरचा पातळ थर त्याच्याबरोबर फुटणारच.

आई पडली तेव्हा मी तुला फक्त मनगट मोडल्याचं कळवलं होतं, बाकीचं लिहायचं बळ नव्हतं. ती अडखळली ती त्याच जागी. वर आलेली कड जेमतेम दोन सेंटिमीटरची होती. आपल्याला ती जाणवायचीसुद्धा नाही, पाऊल आपोआप उचललं जायचं. तिचं पाऊल मात्र हल्ली जमिनीलगत सरकत पुढे जातं. दोनदा लिंपून मी ज्या जागेकडे पाठ फिरवली, तीच ती जागा. हे मला अजून सलतं, आणि काकूही रोज त्या वाटेवरून काठी टेकत जातात हे ठाऊक असल्यामुळे एवढं सविस्तर लिहितोय.

आधी हातोडी घेऊन सगळ्या वाटेवर टकटक करत जा. घट्ट जमिनीवर बसलेल्या काँक्रीटचा आवाज भरीव येतो. जिथे तो बदबद येतो तिथे खाली पोकळी आहे. मग भिंतीकडच्या कडेला बादलीभर पाणी ओत आणि ते कुठे जातं ते नुसतं बघत उभा राहा. आमच्याकडे ते सरळ भेगेत शिरलं आणि दिसेनासं झालं. बादली रिकामी झाली तरी दुसऱ्या बाजूला थेंब नाही. त्या क्षणी मला कळायला हवं होतं की दुखणं वर नाहीच.

फोडायला सुरुवात केली तेव्हा आम्ही दोघे वरूनच घण घालत होतो. हात भरून आले, काँक्रीटला मात्र खळगेच पडले. मग मिस्त्रींनी थांबवलं. पहार कडेखाली घातली, तुकडा चार बोटं उचलला, खाली एक दगड सरकवला आणि म्हणाले, ‘आता मारा.’ एका ठोक्यात तुकड्याची दोन शकलं झाली. खाली जमिनीचा आधार असतो तोवर घणाचा मार जमिनीत जिरतो. तुकडा अधांतरी झाला की ठोक्याने तो वाकायला बघतो, आणि काँक्रीट दाब कितीही सोसलं तरी ताण सोसत नाही. दाबाच्या मानाने ताणाची ताकद साधारण दहावा हिस्सा. वाट खचल्यावर फुटते तीही याच कारणाने, फक्त तिथे घणाऐवजी आपलं वजन असतं.

तिसरा तुकडा उचलला आणि खाली जे दिसलं ते मी विसरणार नाही. माती नव्हतीच. काँक्रीटखाली सपाट, काळोखी खोबण होती. हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला आणि बोटांना गार, बुळबुळीत चिखल लागला. छपराच्या पाण्याचा नळ त्या कोपऱ्यात उघडाच सोडलेला होता. दरवेळी पाऊस पडला की ते पाणी कडेने खाली शिरायचं आणि बारीक माती वाहून न्यायचं. वर्षानुवर्षं आम्ही एका झाकणावरून चालत होतो. काँक्रीटच्या आत लोखंडी जाळी होती, पण ती तळाशी मातीला टेकून गंजून गेलेली. काँक्रीट ओतताना तिच्याखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे तिला मातीपासून उचलून धरणारे छोटे ठोकळे, ठेवायचे राहिले असणार. मातीला टेकलेली जाळी काहीच धरून ठेवत नाही, उलट गंजताना फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे की आधी पाण्याला वाट करून दे, मग माणसांना. छपराच्या नळाला पुढे पाइप जोडून पाणी घरापासून आणि वाटेपासून लांब सोड. हे केल्याशिवाय फावड्याला हात लावू नकोस. आणि खोदण्याआधी त्या पट्ट्यातून पाण्याचा, गॅसचा पाइप किंवा विजेची केबल जाते का, याची खात्री करून घे.

भंगार किती निघेल याचा अंदाज आधीच बांध. एक घनमीटर काँक्रीट साधारण २४०० किलो भरतं. आमची वाट १० मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड, म्हणजे जवळजवळ तीन टन. ते कुठे टाकायचं हे न ठरवता फोडायला घेतलं तर अंगणात ढीग पडून राहतो. मोठे तुकडे खड्ड्यातच भरून टाकायचा मोह होईल. तो आवर, कारण त्यांच्यामध्ये फटी राहतात आणि माती पुन्हा तिथेच गळते.

खालचा भराव हा या सगळ्या कामाचा जीव आहे, आणि घाई नेमकी इथेच होते, कारण तो नंतर कुणाला दिसत नाही. सैल आणि काळी माती सगळी काढून टाक, घट्ट थर लागेपर्यंत. मग खडीमिश्रित मुरुमाचा थर दे, पण सगळा एकदम ओतून वरून धुम्मस, म्हणजे ठोकून दाबण्याचं काम, करू नकोस. तशाने वरचे चार-पाच सेंटिमीटरच दबतात. १० सेंटिमीटरहून जाड थर टाकायचा नाही, तो दाबून झाला की मगच पुढचा. माल थोडा ओलसर हवा. मुठीत दाबला तर लाडू वळावा, पण बोटांतून पाणी निघू नये. मिस्त्री प्रत्येक थरावर टाच दाबून बघायचे, टाचेचा ठसा उमटला की पुन्हा धुम्मस. मला आधी ते अति वाटलं. दुसऱ्या दिवशी मीच टाच दाबून बघू लागलो होतो.

फळ्या बांधताना उतार घराच्या उलट दिशेला ठेव, ५० ला १ या मानाने. आमच्या १.२ मीटर रुंदीला तो जेमतेम अडीच सेंटिमीटर झाला. चालताना कळत नाही, पाण्याला मात्र कळतो. भिंतीला आणि पायरीला नवं काँक्रीट चिकटू द्यायचं नाही, मध्ये फोमची पट्टी घाल. घर आपल्या जागी, वाट आपल्या जागी. दोघांची हालचाल वेगळी असते.

आता ओतण्याबद्दल. मिस्त्री निवडताना पाण्याबद्दल विचार. आमचे मागचे कामवाले काँक्रीट पातळ करून ओतत, म्हणजे ते आपोआप पसरतं आणि फळी फिरवली की झालं. त्यात त्यांचे कष्ट वाचले आणि आमची वाट गेली. सिमेंटला घट्ट व्हायला त्याच्या वजनाच्या सुमारे पाव हिस्सा पाणी पुरतं. काम करता यावं म्हणून आपण त्याहून जास्त घालतो, पण ते जादा पाणी नंतर उडून जातं आणि मागे बारीक छिद्रं सोडतं. आम्ही सिमेंट, वाळू आणि खडी १ : १.५ : ३ अशा प्रमाणात घेतली आणि ५० किलोच्या गोणीला साधारण २५ लिटर पाणी, वाळू ओली असेल तेव्हा त्याहून कमी. मी बादलीवर खूण करून शेजारी उभा होतो. मध्ये एकदा कामगार ‘जरा पाणी सोडू का?’ म्हणाला, तेव्हा मिस्त्रींनीच नकार दिला. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

सपाट केल्यावर थोड्या वेळाने पृष्ठभागावर पाणी सुटतं, ओल्या काचेसारखी चकाकी येते. तेव्हा कुणालाही थापी लावू देऊ नकोस, आणि ते पाणी टिपायला वरून कोरडं सिमेंट तर अजिबात नको. त्याने वरचा थर कमजोर होतो आणि पुढे पापुद्रे सुटतात. आम्ही फळीवर बसून राहिलो. चकाकी एका कडेने हळूहळू मंद होत गेली, पाण्यातलं आभाळ पुसलं जावं तशी, आणि सगळी वाट एकसारखी निस्तेज करडी झाल्यावर मिस्त्री उठले. घोटून झाल्यावर आडवा खराटा ओढला. तुळतुळीत गुळगुळीत वाट छान दिसते, पण ओली झाली की काकूंसाठी ती धोक्याचीच.

सांधे विसरू नकोस. काँक्रीट आकसताना भेगाळणारच, ती भेग कुठे पडावी एवढंच आपल्या हाती असतं. आम्ही दर १.२५ मीटरवर सांधा, म्हणजे वरून आडवी सरळ खाच, घेतला, जाडीच्या पाव हिस्सा खोल, म्हणजे अडीच सेंटिमीटर. आज त्या सांध्यांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा आहेत, वर एकही नाही.

फाटकाजवळच्या झाडाचं तू लिहिलंयस. त्याची वर आलेली मुळं तोडून काँक्रीट सरळ न्यायचं असा सल्ला तुला मिळालाय. कृपा करून तोडू नकोस. बुंध्याजवळची जाड मुळं गेली तर झाड वाऱ्यात उभं राहणार नाही. तेवढा तुकडा काँक्रीटचा करूच नकोस, वाळूवर सुटे पेव्हर ब्लॉक बसव. मूळ वाढलं की चार ब्लॉक काढायचे, वाळू सारखी करायची आणि परत बसवायचे. जागा असेल तर वाट थोडी वळवून घे.

ओलं सिमेंट हाताळताना हातमोजे आणि गमबूट घाल. माझ्या बुटात थोडा माल गेला, मी दुर्लक्ष केलं आणि रात्री टाचेची साल गेली होती. ते चुन्यासारखं अल्कलीने भाजतं, आणि भाजताना लगेच दुखत नाही, हेच वाईट. फोडताना धूळ उडू नये म्हणून पाणी मारत राहा आणि चांगला मास्क लाव.

मग सात दिवस गोणपाट ओलं ठेवायचं, राख मिसळलेलं सिमेंट असेल तर दहा. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी होणाऱ्या क्रियेने घट्ट होतं. पाणी उडून गेलं की ती क्रिया तिथेच थांबते. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम आईने मागून घेतलं. प्लास्टर उतरलं होतं, पण हातात जोर नव्हता. ती छोट्या तांब्याने एकेका गोणपाटावर सावकाश पाणी सोडायची आणि हात लावून कोरडं राहिलंय का ते बघायची. आठव्या दिवशी गोणपाटं काढली तेव्हा ती माझ्या आधी फाटकापर्यंत जाऊन आली.

तू लांबी-रुंदी मोजून कळव, मालाचा हिशोब मी काढून पाठवतो. आणि ओतायचा दिवस ठरला की सांग, आदल्या रात्री मी येतो, पाण्याच्या बादलीपाशी उभा राहायला कुणीतरी हवं. काकूंना नमस्कार. आज संध्याकाळी मात्र एवढं कर. बादलीभर पाणी ओत, आणि ते कुठे गेलं ते मला लिही.

तुझाच,
मित्र