ब्रॉडबँडचा प्लॅन वाढवण्याआधी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. शंभर एमबीपीएसचा (सेकंदाला शंभर मेगाबिटचा) प्लॅन दोनशेवर नेऊनही संध्याकाळी वहिनींच्या ऑनलाइन वर्गात आवाज तुटतोच, म्हणून आता तू तीनशेचा विचार करतो आहेस, हे वाचून लगेच लिहायला बसलो. कृपा करून आणखी पैसे घालू नकोस. चिरंजीवांच्या मोबाइलमधले व्हिडिओ क्लाउडवर चढू लागले की वर्ग अडखळतो, असे तूच लिहिले आहेस, आणि माझ्या मते निदान त्याच वाक्यात आहे.

व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात. त्याला हवी असते ती पॅकेटांची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, वेळेवर पोच. तुझी अपलोडची मर्यादा २० एमबीपीएस आहे आणि मोबाइल राउटरकडे त्याहून कितीतरी वेगाने डेटा ढकलतो, तेव्हा उरलेली पॅकेटे बफरमध्ये, म्हणजे पुढे जाण्याची वाट पाहण्याच्या तात्पुरत्या साठ्यात, साचत जातात. हा बफर समजा एक मेगाबाइटचा, म्हणजे आठ मेगाबिटचा, असला, तर तो रिकामा व्हायला ०.४ सेकंद लागतात, आणि तेवढा वेळ वहिनींच्या आवाजाचे प्रत्येक पॅकेट रांगेच्या शेपटाला उभे राहते. पॅकेट गळाले की गर्दी झाली असे समजून टीसीपी, म्हणजे डेटा पाठवण्याचे नियम ठरवणारा प्रोटोकॉल, वेग आवरता घेतो. पण बफर मोठा असला की पॅकेट फार उशिरा गळते, आणि तोवर व्हायचा तो घोळ होऊन गेलेला असतो. संगणक अभियंते जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास स्वतःच्या घरच्या जोडणीवर हा प्रकार तपासला आणि त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव मिळाले. पुढे २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे यापेक्षा पॅकेट रांगेत किती वेळ थांबले, हे ती पाहते. मला तिचे फार कौतुक वाटते.

आधी खात्री करून घे. लॅपटॉप केबलने राउटरला जोड, पिंग (पॅकेट जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेव आणि एखादी मोठी फाइल अपलोड कर. एरवी १०-१५ मिलिसेकंद दाखवणारा पिंग अपलोड सुरू होताच दोन-तीनशेच्या वर गेला, तर शंका घ्यायला जागा उरत नाही. केबलवर सारे ठीक आणि वाय-फायवरच त्रास असेल, तर मात्र दोष वाय-फायचा. मग वहिनींचा लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर घे, आणि २.४ वर राहणाऱ्या उपकरणांसाठी १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवड.

बफरब्लोटच ठरला, तर राउटरच्या सेटिंगमध्ये एसक्यूएम (रांग आटोक्यात ठेवण्याची सोय) शोध, त्यात ‘केक’ किंवा ‘एफक्यू-कोडेल’ या कोडेलवर आधारलेल्या पद्धतींपैकी एक निवड आणि अपलोडची मर्यादा १८ एमबीपीएस लिही. वीसपैकी दोन हकनाक सोडल्यासारखे वाटेल, पण त्यामुळे रांग फायबरच्या मॉडेममध्ये न लागता तुझ्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे प्रत्येक प्रवाहाला आळीपाळीने वाट मिळते. कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये ही सोय बहुधा नसते. तसे असेल तर ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची मुक्त प्रणाली चालणारा वेगळा राउटर घ्यावा लागेल. डाउनलोडलाही ही मर्यादा घालायची असेल, तर दोनशेच्या वेगाला स्वस्त राउटरचा प्रोसेसर पुरत नाही, हे खरेदी करताना ध्यानात ठेव. तुझे दुखणे अपलोडचे आहे, तेव्हा तेवढ्यावर भागेल.

बाकीच्या उपायांत फार गुंतू नकोस. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलल्याने साइट उघडायला सुरुवात किंचित लवकर होईल, कॉल सुधारणार नाही. जोडणी पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून लॉगिन करण्याची) असेल तर एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, १४९२ बाइट आहे ना, एवढे पाहा; १५०० पैकी ८ बाइट त्या प्रोटोकॉलला लागतात. विंडोजची रजिस्ट्री बदलण्याचे सल्ले एक्सपीच्या काळातले आहेत. तेव्हा टीसीपीची विंडो, म्हणजे पोच मिळण्याआधी एका वेळी पाठवता येणारा डेटा, सहसा ६४ किलोबाइटच्या आत असे, म्हणून दूरच्या सर्व्हरकडून डेटा संथ येई. व्हिस्टापासून विंडोज ती स्वतः जुळवून घेते.

अपलोडआधीचा आणि अपलोड चालू असतानाचा पिंग, तसेच राउटरचे मॉडेल मला कळव. कोणता आकडा कुठे भरायचा ते फोनवर सांगेन. वहिनींना नमस्कार, चिरंजीवांस आशीर्वाद.

तुझा मित्र