ड्रॉइंगवर नुसते ‘बफ’ लिहू नका

संपादक महोदय,

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींतल्या अनेक लहान कारखान्यांत ॲल्युमिनियमच्या भागांचे फिनिशिंग अजूनही फक्त दिसण्यापुरते होते. ड्रॉइंगवर ‘बफ’ (घासून चकाकी आणणे) नाहीतर ‘ब्लास्ट’ (बारीक कणांचा जोरदार मारा करणे) एवढेच लिहिलेले असते. कोणत्या मालाने घासायचे, किती आणि नंतर काय करायचे, याचा पत्ता नसतो. भाग पावसाळ्यात टिकणार की नाही, हे बरेचसे याच गोष्टींवर ठरते.

ॲल्युमिनियमवरचा नैसर्गिक ऑक्साइडचा थर जेमतेम २ ते ४ नॅनोमीटर जाड असतो. पीएच (आम्ल-अल्कलीपणाचे माप) साधारण ४ ते ८.५ असेपर्यंत तो टिकतो. मिठातले क्लोराइड मात्र त्याला जागोजागी फोडते आणि तिथे बारीक खड्डे पडू लागतात, म्हणजे पिटिंग. खरखरीत पृष्ठभागाच्या खाचांत ओल आणि मीठ साचून राहते, म्हणून तिथे पिटिंग लवकर सुरू होते.

सर्वांत जास्त घात होतो तो लोखंडामुळे. स्टीलचा वायर ब्रश, स्टील शॉट (ब्लास्टिंगच्या पोलादी गोळ्या) किंवा आधी लोखंडी मालावर वापरलेला एमरी पट्टा ॲल्युमिनियममध्ये लोखंडाचे कण रुतवतो. ओल मिळाली की त्या कणाभोवतीचे ॲल्युमिनियम विरघळते आणि वर तपकिरी डाग दिसतो. ग्लास बीड (काचेचे मणी) वापरले म्हणून सुटका होत नाही. तेच बीड आधी लोखंडी मालावर फिरले असतील तर परिणाम तोच. ॲल्युमिनियमसाठी ब्लास्टिंगची केबिन, बीड, ब्रश आणि पट्टे वेगळेच हवेत. शंका असेल तर एक भाग रात्रभर ओल्या फडक्यात ठेवावा, सकाळी डाग बोलतात.

जोरात ग्राइंडिंग किंवा बफिंग केले की वरचा काही मायक्रॉनचा थर दाबला जाऊन विस्कळीत होतो. त्यावर थेट पावडर कोटिंग (भट्टीत पक्का केलेला भुकटी रंग) केले तर रंगाखाली धाग्यासारखा गंज पसरतो. हा थर काढायला कॉस्टिक एचिंग (कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात पृष्ठभाग विरघळवणे) लागते: लिटरला सुमारे ५० ग्रॅम कॉस्टिक, ५० ते ६० अंश सेल्सिअस, काही मिनिटे. मिश्रधातूतले तांबे, लोह आणि सिलिकॉन त्यात विरघळत नाहीत, त्यांची काळी काजळी वर राहते. ती नायट्रिक आम्लात काढायलाच हवी. घाईच्या जॉबवर्कमध्ये नेमकी हीच पायरी गाळली जाते.

मिश्रधातू कोणता, हेही विचारले पाहिजे. २०२४ या क्रमांकाच्या श्रेणीत चार टक्क्यांच्या वर तांबे असते, त्यामुळे ती ६०६१ या श्रेणीपेक्षा कितीतरी लवकर खड्डे धरते. म्हणून तिच्या पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमचे आवरण चढवलेले मिळते. १ मिलिमीटरच्या पत्र्यावर हे आवरण एका बाजूला जेमतेम ५० मायक्रॉनचे असते. चकाकीसाठी असा पत्रा बफ करणे म्हणजे त्याचे संरक्षणच खरवडणे. एडीसी १२ या मिश्रधातूच्या डायकास्ट (साच्यात दाबाने ओतलेल्या) भागात सिलिकॉन फार असल्याने त्यावर ॲनोडायझिंग, म्हणजे विजेच्या मदतीने चढवलेला जाड ऑक्साइडचा थर, नीट बसत नाही. त्यासाठी कन्व्हर्जन कोटिंग (रासायनिक द्रावणाने तयार केलेला पातळ संरक्षक थर) आणि त्यावर रंग योग्य.

ॲनोडायझिंगमध्ये जाडीवरून भांडणे होतात, सीलिंगबद्दल, म्हणजे थरातली छिद्रे बंद करण्याबद्दल, कोणी विचारत नाही. उघड्यावर राहणाऱ्या भागाला १५ ते २५ मायक्रॉनचा थर हवा. पण त्यातली सूक्ष्म छिद्रे बंद केली नाहीत तर क्लोराइड सरळ आत शिरते. ९६ अंशांच्या वर तापवलेल्या डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात मायक्रॉनमागे दोन ते तीन मिनिटे, हा साधा हिशेब. बोअरच्या पाण्यातले सिलिकेट सीलिंग अर्धवट ठेवते. कोपरेही गोल करून घ्यावेत, कारण धारदार कडेवर थर तडकतो.

द्राक्षबागेत वापरायच्या भागांसाठी हे आणखी महत्त्वाचे आहे. एक टक्का बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकात) १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) असते. त्यातले विद्राव्य तांबे ॲल्युमिनियमवर चढले की प्रत्येक ठिपका पिटिंगचे केंद्र होतो. शिवाय चुन्याचा अल्कलीपणा ॲनोडाइज्ड थरालाही खातो. असे भाग पावडर कोटिंग केलेलेच घ्यावेत आणि फवारणीनंतर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवावेत.

खरेदीदारांना विनंती, की ऑर्डरवर मिश्रधातूची श्रेणी, ब्लास्टिंगचा माल, एचिंगनंतरची आम्लाची पायरी, थराची जाडी आणि सीलिंगची चाचणी या पाच गोष्टी लिहाव्यात. सीलिंगची चाचणी सोपी आहे: आम्लाचा थेंब, मग रंगाचा थेंब, मग पुसणे. डाग राहिला तर माल परत पाठवावा.

— धातुपृष्ठ प्रक्रियेतील काही तंत्रज्ञ, अंबड, नाशिक