कान, मनगट आणि कागद

ती. आई-बाबा,
सा. न.

बाबांचा प्रश्न सरळ होता: छोट्या बँडमध्ये ड्रम वाजवून पोट भरतं का, आणि किती वर्षं? फोनवर याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून लिहून पाठवतेय. आईला माझ्या कानांची काळजी आहे, तेही यातच लिहिलंय.

आधी पैशांचं. मोठ्या कंपनीच्या पाठबळाशिवाय चालणाऱ्या बँडला एका कार्यक्रमाचे पैसे दोन तऱ्हांनी मिळतात. एक तर ठरलेली रक्कम, नाहीतर तिकीटविक्रीत वाटा. वाट्याची बोली असेल तर हॉलवाला बहुतेक वेळा आपला खर्च आधी काढून घेतो आणि उरलेल्यातून टक्के देतो. म्हणून कुणी 'सत्तर टक्के' म्हणालं की पहिला प्रश्न, कशाचे सत्तर? हातात पडलेल्या रकमेतून बुकिंग एजंटचे साधारण १० ते १५ टक्के जातात, मॅनेजर असेल तर त्याचे १५ ते २०, शिवाय गाडी, इंधन आणि मुक्काम. उरतं ते चौघा-पाच जणांत वाटायचं. त्यामुळे दौऱ्यात खरा हात मिळतो तो टी-शर्ट आणि रेकॉर्ड विकायच्या टेबलाचा. तिथेही काही हॉल टक्केवारी मागतात, म्हणून ते तारीख पक्की करतानाच विचारायचं.

पण दीर्घकाळ टिकणारा पैसा वेगळाच, आणि ड्रमर नेमके तिथेच मागे राहतात. ध्वनिमुद्रित गाण्यात दोन स्वतंत्र मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी ते प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण. ड्रमचा ठेका कितीही ओळखीचा असला तरी तो सहसा रचनेत धरला जात नाही. मालकांच्या यादीत ड्रमरचं नाव येतं ते बँडने तसं ठरवलं तरच. आर.ई.एम. या बँडने आपली गाणी चौघांच्याही नावावर ठेवली, ड्रमर बिल बेरी धरून. १९९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला कार्यक्रम चालू असताना बेरीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तो सावरला, परत वाजवायला लागला, आणि १९९७ मध्ये बँड सोडून शेतीकडे वळला. बँड सोडला म्हणून रचनेतला वाटा संपत नाही, तो नावावर राहतो. बाबांना पेन्शनसारखं काही हवं असेल तर या धंद्यात त्याच्या सगळ्यात जवळची गोष्ट हीच.

यासाठी लागतो एक पानाचा कागद: गाण्याचं नाव, प्रत्येकाचं नाव, रचनेतले टक्के, बेरीज शंभर, सगळ्यांच्या सह्या. तो स्टुडिओतून बाहेर पडायच्या आत झाला पाहिजे. गाणं चालायला लागल्यावर मैत्रीत बोलणं अवघड होतं आणि प्रत्येकाची आठवण वेगळी निघते. ध्वनिमुद्रणात कलाकार म्हणून मिळणारं मानधन हे आणखी तिसरं खातं. ते वसूल करणाऱ्या संस्थेत स्वतः नाव नोंदवावं लागतं आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक (त्या ध्वनिमुद्रणाची ओळखखूण) देऊन 'ड्रम' अशी भूमिका लिहावी लागते. नोंद नसेल तर पैसे कुठेतरी बेवारस पडून राहतात. काही देशांत ही सोय अर्धवटच आहे. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर वादकाला त्याचं काहीच मिळत नाही.

नुसत्या एका बँडवर फारच थोडे ड्रमर जगतात, हे लपवण्यात अर्थ नाही. बाकीचे शिकवतात, दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगला ठरलेल्या रकमेवर वाजवतात, आजारी पडलेल्या ड्रमरच्या जागी उभे राहतात. बदली कामाला माणूस पुन्हा बोलावला जातो तो हात किती भरभर चालतो यावरून नाही, तर गाणी चोख पाठ करून वेळेवर येतो का यावरून. दोन-तीन दिवसांत बारा गाणी बसवायची तर प्रत्येकाचा नकाशा एका ओळीत लिहितात: 'वेग १२८. सुरुवात ४ बार, फक्त हाय-हॅट. कडवं १६. ध्रुवपद ८, राइडवर. दुसऱ्या ध्रुवपदानंतर १ बार पूर्ण शांत, मग सगळे एकदम.' (वेग म्हणजे मिनिटाला ठोके, बार म्हणजे तालाचं एक आवर्तन, हाय-हॅट म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, राइड म्हणजे मोठी झांज.) चुका होतात त्या त्या शांत बारमध्येच. गाणं शंभरदा ऐकलेलं असलं तरी हात थांबत नाही.

सामानाबद्दल आई विचारत होती की एवढे ड्रम नेता कसे. बहुतेक वेळा नेत नाहीच. एका संध्याकाळी तीन बँड असतील तर मोठे ड्रम एकाचे किंवा हॉलचे असतात आणि प्रत्येक ड्रमर आपला स्नेअर (खाली तारा लावलेला छोटा ड्रम), झांजा, किक पेडल (पायाने मोठा ड्रम वाजवायचं), स्टूल आणि काठ्या आणतो. दोन बँडच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं मिळतात, त्यातच सगळं बसवायचं. पिशवीत ड्रमची किल्ली, गॅफर टेप (कापडी चिकटपट्टी), झांजेखाली-वर घालायच्या फेल्टच्या चकत्या आणि झांजेच्या दांड्यावर घालायच्या प्लास्टिकच्या नळ्या हव्यातच. ही चार बोटांएवढीही नसलेली नळी विसरली तर धातूवर धातू घासतो, झांजेचं भोक लांबट होतं आणि तिथूनच चीर सुरू होते. वरचा नट करकचून आवळला तरी झांज फुटते, कारण तिला डुलायला जागा उरत नाही. खाली गालिचा नसेल तर किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम, यालाच बास ड्रम म्हणतात) दर ठोक्याला पुढे सरकतो आणि तिसऱ्या गाण्यापर्यंत पाय ताणून वाजवावं लागतं. स्नेअरचं कातडं गाण्याच्या मध्येच फाटतं. ते तिथे बदलत बसत नाहीत, मागे तयार ठेवलेला दुसरा स्नेअर स्टँडवर चढवतात. नवं कातडं बसवताना स्क्रू ओळीने गोल फिरत आवळायचे नाहीत, समोरासमोरचे जोडीने, अर्धा-अर्धा फेरा. मग प्रत्येक स्क्रूपासून दोन बोटं आत टिचकी मारून सूर जुळवायचा.

आता कान. ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास, ही कामगारांच्या आरोग्यासाठी मानलेली एक मर्यादा आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतात फक्त पंधरा मिनिटं, आणि ड्रमरच्या स्टुलावर तालमीतही आवाज १०० च्या वर जातो. फोमचे बोळे आवाज कमी करतात, पण उंच स्वर जास्त खातात. मग झांज नीट ऐकू येत नाही म्हणून ड्रमर आणखी जोरात मारतो आणि कान वाचवताना मनगट जातं. म्हणून कानाचा साचा घेऊन केलेले, सगळे स्वर सारखे कमी करणारे फिल्टरवाले प्लग वापरायचे, साधारण १५ किंवा २५ डेसिबलचे. वाजवून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर तो इशाराच. आणि कानात हेडफोन असताना एक कान मोकळा ठेवायची सवय तर सगळ्यात वाईट, कारण मग उरलेल्या कानात आवाज वाढवला जातो.

मनगटाचं दुखणं बहुधा पकडीतून येतं. काठी अंगठा आणि पहिल्या बोटात टेकवून तिला उसळी घेऊ द्यायची. मुठीत आवळली की प्रत्येक ठोक्याचा धक्का कोपरापर्यंत जातो. स्टूल इतकं उंच हवं की मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरतील. राइड दूर टांगली असेल तर खांदा आधी बोलतो. वाजवण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं रबरी पॅडवर हात सैल करायचे. रात्री बोटं बधिर होऊ लागली तर तेल चोळत बसायचं नाही (आई, हे तुझ्यासाठी), डॉक्टरकडे जायचं.

'एवढी ताकद लागते, मग वय झाल्यावर काय' या प्रश्नाला दोन नावं पुरेत. मो टकर व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडमध्ये उभं राहून वाजवायची, बास ड्रम आडवा ठेवून, मऊ टोकाच्या दांड्यांनी, झांजांना जवळजवळ हात न लावता. जॉर्जिया हबली यो ला टेंगो या बँडमध्ये १९८४ पासून आहे. वाजवण्याने माणूस थकतो त्याहून जास्त थकतो तो रात्री दीड वाजता सामान गाडीत चढवण्याने आणि अपुऱ्या झोपेने. तिथे पाठ जपायची.

तुम्ही ऐकायला याल तेव्हा पुढच्या रांगेत स्पीकरसमोर बसू नका. ध्वनी जुळवणाऱ्या माणसाच्या टेबलाजवळ जागा धरा, तो तिथूनच सगळं ऐकत जुळवतो. तुमच्यासाठी फोमचे प्लग माझ्या पिशवीत असतील. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचे. बाबांच्या श्रवणयंत्राचं आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

तुमची लेक