न ऐकता घेतलेलं गाणं

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर नीट बोलता आलं नाही, घरात पाहुणे होते. झिया मोहिउद्दीन डागरांच्या रुद्रवीणेची जुनी एलपी, म्हणजे मोठी तबकडी, मिळतेय, दुकानदार दीड हजार म्हणतोय, तर मोबाईलवर त्यांचं दोन मिनिटं ऐकून ठरवू का, असं तू विचारलंस. मी घाईत "घेऊन टाक" म्हणाले. नंतर मला ते अपुरं वाटत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

अरे, दोन मिनिटांत ध्रुपदाचा आलाप कुठवर जाणार? वादक अजून षड्जाच्या, म्हणजे 'सा'च्या, आसपासच असेल. मंद्रातला, खालच्या सप्तकातला, एक स्वर लावेल, तो विरेपर्यंत थांबेल, मग पुढचा. तेवढ्यावर तू "फार संथ आहे" म्हणून बंद करशील आणि आपण वीणा ऐकली असं तुला वाटेल. पखवाज यायला तर किती अवकाश! एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं असतात. त्यातली दोन ऐकून पसंती-नापसंती ठरवायची, हे मला पटत नाही.

तुझ्या जन्माआधीची गोष्ट आहे, १९८९ सालची. शाळेतून महागाई भत्त्याची थकबाकी हातात आली होती. महाद्वार रोडवर एका दुकानात काचेच्या कपाटात कॅसेटी उभ्या लावलेल्या असत. त्यात गायक मल्लिकार्जुन मन्सूरांची एक होती, कव्हरवर 'बहादुरी तोडी' लिहिलेली. तोडी हा राग मला ठाऊक होता, ही बहादुरी कोणती ते ठाऊक नव्हतं. मन्सूरांचं नाव मात्र आपल्या कोल्हापुरात जाणती माणसं फार आदरानं घेत. थोर गवई अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी इथेच होते आणि त्यांचे चिरंजीव मंजीखाँ आणि भुर्जीखाँ, दोघेही मन्सूरांचे गुरू. "जरा लावून दाखवता का?" म्हटलं, तर दुकानदार म्हणाला, "बाई, सील फोडलं की ती माझ्या गळ्यात." पस्तीस रुपये होते. दोनदा कपाटापाशी जाऊन परत आले आणि तिसऱ्यांदा घेतली.

घरी येऊन नखानं तो पातळ कागद फाडला. कॅसेट लावली आणि मन खट्टू झालं. मला गोड, आळवून म्हटलेलं गाणं हवं होतं. हा म्हाताऱ्या माणसाचा, थोडा खरबरीत आवाज. आलापात रेंगाळणं नाही, एकातून दुसरं निघतंय, मला श्वास घ्यायलासुद्धा जागा सापडेना. तुझ्या बाबांनी काही न बोलता आवाज बारीक केला. मला पस्तीस रुपये डोळ्यांसमोर दिसत होते.

पण पैसे गेले होते ना, म्हणून परत लावली. फुकट मिळाली असती तर खात्रीनं दुसऱ्यांदा लावली नसती. तुला मला सांगायचंय ते हेच. आज एक गाणं आवडलं नाही की बोट पुढच्यावर जातं. मला तेव्हा पुढचं काही नव्हतंच. घरात मोजून सहा कॅसेटी होत्या.

पाचव्या की सहाव्या वेळी मी तांदूळ निवडत होते. डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा ठेवून तीनतालाच्या मात्रा मोजत बसले, एका बोटावर चार, चार बोटांवर सोळा. तान सुरू झाली. आता दम संपणार, आता सोडणार असं वाटतं, आणि ती वळण घेऊन आणखी पुढे जाते. माझा अंगठा करंगळीच्या टोकावर आला आणि नेमके त्याच्या पुढच्या मात्रेला, बंदिशीचा मुखडा घेऊन ते समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर! ताटातला हात तसाच राहिला. मी उठून टेप मागे घेतली. तांदूळ त्या दिवशी दुपारपर्यंत निवडून झाले नाहीत. पुढे तुझे बाबा आंघोळीला जाताना मन्सूरांची कॅसेट हवी म्हणून "अण्णांना लाव गं" म्हणायचे. मन्सूर १९९२ साली गेले, त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी दोन्ही बाजू ऐकल्या.

म्हणून रेकॉर्ड घे, मात्र डोळे उघडे ठेवून. कव्हरच्या मागची बाजू वाच. राग कोणता, साथीला कोण, वेळ किती. एका बाजूला एकच राग असेल तर वादकाला मोकळीक मिळाली असं समज. तबकडी उजेडात तिरकी धर, चऱ्यांवरून हलकेच नख फिरव. नखाला लागेल असा ओरखडा असेल तर ती सोडून दे. डोळ्यांच्या रेषेत धरून ती वाकलेली नाही ना, तेही बघ. आणि लाखेच्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, जुन्या तबकड्या मिळाल्या तर तुझ्या प्लेअरच्या नेहमीच्या सुईनं वाजवू नकोस. त्यांच्या चऱ्या रुंद असतात, त्यांना वेगळी सुई लागते.

फसशीलही. मन्सूरांनंतर मला धीर आला आणि मी कव्हरवरचा फुलांनी भरलेला माळ बघून बासरीची एक कॅसेट घेतली. आत बासरी थोडी आणि बाकी यंत्राचा ठोका, सगळ्या गाण्यांना तोच. परत करायला गेले, तर घेतली नाही. फार वाईट वाटलं होतं. मग तू दोन वर्षांचा झालास तेव्हा बाबांनी तिच्या कडेच्या भोकांवर चिकटपट्टी लावली आणि तिच्यावरच तुला भरून घेतलं. विकतच्या कॅसेटवर एरवी भरता येत नाही, ती भोकं बुजवली की येतं. त्यात तू पावसाचं बडबडगीत म्हणतोस, मध्येच पाणी मागतोस, मी "पुढचं म्हण ना" म्हणते, तू म्हणत नाहीस. मग खट् आवाज होतो आणि तो ठोका सुरू होतो. कपाटात खालच्या कप्प्यात आहे ती, टेपरेकॉर्डरही चालू आहे. गेल्या आठवड्यातच लावली होती.

डागरांची वीणा घे. ते पनवेलजवळ पळस्प्याला राहून शिकवत असत, म्हणजे तसे आपल्या मुलखातलेच. आणली की पहिल्या दिवशी मला फोन करू नकोस. पाचव्यांदा ऐकलीस की कर.

तुझी,
आई